व्होल्टेज सांभाळायचं काम कोणाचं? आयबेरियन ब्लॅकआउट, २८ एप्रिल २०२५ : एक प्रकरण अभ्यास

सोमवार, २८ एप्रिल २०२५. स्पेनमध्ये दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं झाली होती. स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज पूर्ण गेली. फ्रान्सच्या सीमेलगतच्या थोड्या भागालाही काही मिनिटं झळ बसली. पोर्तुगालची पारेषण यंत्रणा मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास आणि स्पेनची पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उभी राहिली.

एवढा मोठा ब्लॅकआउट झाला की आपल्या क्षेत्रातल्या लोकांच्या मनात आधी वारंवारता (एसी विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, हर्ट्झमध्ये) येते : निर्मिती कमी पडली, हर्ट्झ घसरले, मशिनं ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटून बंद पडली. व्होल्टेजमुळे ग्रिड कोसळलं असं कळलं, तरी डोळ्यांसमोर येतं ते पडलेलं व्होल्टेज. टोकियोत २३ जुलै १९८७ रोजी तसंच झालं होतं. कडक उन्हाळा होता. दुपारच्या सुट्टीनंतर वातानुकूलन यंत्रांचा भार मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉटने चढत गेला. व्होल्टेज उचलून धरणारे, हाताशी असलेले कपॅसिटर लावून झाले, तरी ५०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनवरचं व्होल्टेज खचत गेलं आणि सुमारे २८ लाख ग्राहक अंधारात गेले. पाठ्यपुस्तकातला ‘नोज कर्व्ह’ (भार वाढत गेला की व्होल्टेज कसं खचतं ते दाखवणारा आलेख) शिकवताना हेच उदाहरण दिलं जातं.

आयबेरियात उलट घडलं. तिथे व्होल्टेज चढलं, चढतच गेलं, आणि त्या चढण्यानेच एकामागून एक प्रकल्प बंद पाडले. युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे एन्टसो-ईच्या तज्ज्ञगटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वस्तुस्थितीचा अहवाल दिला. अतिव्होल्टेजच्या साखळीतून झालेला युरोपातला हा पहिलाच ब्लॅकआउट, अशी त्यातली नोंद आहे. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. कमी व्होल्टेजशी लढण्याचे नियम, रिले (मर्यादा ओलांडली की जोडणी तोडायला लावणारी संरक्षक उपकरणं) आणि सवयी आपल्याकडे भरपूर आहेत. जास्त व्होल्टेजला आपण रात्रीच्या पाळीची किरकोळ कटकट समजत आलो.

माझं मत आधीच सांगतो. हा ब्लॅकआउट सौरऊर्जा जास्त झाल्यामुळे झाला नाही, आणि इनर्शिया (फिरत्या यंत्रांचं जडत्व, ज्यामुळे वारंवारता सावकाश बदलते) कमी पडल्यामुळेही नाही. रिॲक्टिव्ह पॉवर (एसी ग्रिडमध्ये प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी पॉवर) शोषण्याची क्षमता ग्रिडमध्ये होती, पण ज्यांच्याकडे ती सर्वांत जास्त होती त्यांना ते काम सांगितलेलंच नव्हतं.

रिकामी लाइन काय करते

घटनाक्रमाआधी थोडं गणित. ते डोळ्यांसमोर नसेल तर पुढच्या दीड मिनिटाचा अर्थ लागणार नाही.

४०० केव्हीची लाइन म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीचा कपॅसिटर. ट्विन मूज कंडक्टरची (प्रत्येक फेजला ‘मूज’ जातीच्या दोन तारा असलेली) साधी लाइन धरा. ती १०० किलोमीटरमागे साधारण ५५ मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) रिॲक्टिव्ह पॉवर स्वतःच तयार करते, भार असो वा नसो. त्याच लाइनमधून प्रवाह वाहिला की तिचा रिॲक्टन्स (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाला होणारा अडथळा) रिॲक्टिव्ह पॉवर खातो. हे खाणं प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सुमारे ५०० मेगावॉटला दोन्ही बाजू बरोबर जुळतात. त्यालाच आपण सर्ज इम्पीडन्स लोडिंग म्हणतो. भार २५० मेगावॉटवर आला की खाणं चौथाईवर येतं, तयार होणं मात्र तेवढंच राहतं. म्हणजे दर १०० किलोमीटरला ४० मेगाव्हारच्या आसपास रिॲक्टिव्ह पॉवर शिल्लक उरते, आणि ती व्होल्टेज वर ढकलते.

पुढची गोष्ट जास्त त्रासदायक आहे. लाइनची ही निर्मिती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०० केव्हीला ५५ मेगाव्हार देणारी लाइन ४३५ केव्हीला ६५ देते. व्होल्टेज वाढलं म्हणून रिॲक्टिव्ह पॉवर वाढते, आणि ती वाढली म्हणून व्होल्टेज आणखी वाढतं. मध्ये कोणी शोषून घेणारं नसेल तर हे चक्र आपणहून थांबत नाही.

शोषणार कोण? शंट रिॲक्टर (ग्रिडला जोडलेल्या मोठ्या गुंडाळ्या) शोषतात, पण ते ब्रेकर (मोठा स्विच) लावून टप्प्यात येतात आणि बहुतेक ठिकाणी नियंत्रण कक्षातून माणसाने आज्ञा द्यावी लागते. कमी एक्सायटेशनवर (रोटरचं चुंबकत्व कमी ठेवून) चालणारे सिंक्रोनस, म्हणजे ग्रिडच्या वारंवारतेशी जुळून फिरणारे जनरेटर शोषतात. त्यांचा ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर सेकंदाच्या आत प्रतिसाद देतो. स्टॅटकॉम (हेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) आणि सिंक्रोनस कंडेन्सर (इंधनाशिवाय ग्रिडवर नुसतं फिरणारं यंत्र) शोषतात. आणि सौर व पवन प्रकल्पांचे इन्व्हर्टरसुद्धा (डीसीची एसी वीज करणारी उपकरणं) शोषू शकतात, तेही जनरेटरपेक्षा जलद. इन्व्हर्टरला हे येत नाही असा समज अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. येतं. त्याला व्होल्टेज नियंत्रणाच्या मोडमध्ये लावावं लागतं, इतकंच.

स्पेनमध्ये त्याला त्या मोडमध्ये लावलेलं नव्हतं. २०१४ च्या शाही आदेशानुसार तिथले नवीकरणीय प्रकल्प ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे मेगावॉट आणि मेगाव्हार यांचं प्रमाण कायम ठेवून चालायचे. व्होल्टेजचं बंधन पारंपरिक जनरेटरांवर होतं, तेही कार्यपद्धती ७.४ या २००० सालच्या नियमानुसार. २००० साली ही कार्यपद्धती आखली तेव्हा सौरऊर्जा नगण्य होती, त्यामुळे तेव्हा ती योग्यच होती. पुढे ती बदलण्याचा मसुदा अनेक वर्षं चर्चेत राहिला, मंजूर मात्र झाला नाही.

ठरावीक पॉवर फॅक्टरचा अर्थ समजून घेऊ. समजा एक सौर समूह १,००० मेगावॉट देतो आहे आणि ०.९८ पॉवर फॅक्टरने रिॲक्टिव्ह पॉवर शोषतो आहे. म्हणजे तो सुमारे २०० मेगाव्हार खातो. बाजारभाव पडला म्हणून त्याने उत्पादन ५०० वर आणलं. आता तो फक्त १०० मेगाव्हार खातो. ग्रिडवर व्होल्टेज काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याने नियम तंतोतंत पाळला, आणि त्याच क्षणी ग्रिडवर १०० मेगाव्हार जादा टाकले. शिवाय त्याच्याकडून येणाऱ्या लाइन हलक्या झाल्या, म्हणून त्यांचंही खाणं कमी झालं. एकाच दिशेने दोन धक्के बसले. आणि तो पूर्ण ट्रिप झाला, तर सगळे २०० गेले.

त्या दिवसाची मांडणी

वसंतातला सौम्य दिवस होता. स्पेनची मागणी २५ गीगावॉटच्या आसपास होती आणि ऊन भरपूर होतं. निर्मितीतला साठ टक्क्यांच्या जवळपासचा वाटा सौरऊर्जेचा होता. पोर्तुगाल, फ्रान्स आणि मोरोक्को या तिन्हींकडे निर्यात चालू होती, आणि पाणी वर चढवणारे पंप सुमारे ३ गीगावॉट घेत होते.

अशा दिवशी बाजारभाव शून्याच्या आसपास किंवा खाली असतो, त्यामुळे वायूवर चालणारे प्रकल्प स्वतःहून चालू राहत नाहीत. व्होल्टेजसाठी त्यांना मुद्दाम वेळापत्रकात घ्यावं लागतं. ग्रिड चालवणाऱ्या रेड एलेक्ट्रिकाने २८ तारखेसाठी असे दहा सिंक्रोनस प्रकल्प धरले होते. सरकारी चौकशी अहवालानुसार ही २०२५ मधली तोवरची सर्वांत कमी संख्या होती. त्यातला नैर्ऋत्य भागातला एक प्रकल्प आदल्या संध्याकाळी अनुपलब्ध म्हणून कळवला गेला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला गेला नाही. ज्या भागात सौरऊर्जा सर्वांत दाट आहे, त्याच भागातला एक शोषक असा कमी झाला. रिॲक्टिव्ह पॉवर लांबून आणता येत नाही. उत्तरेत दहा जनरेटर मोकळे असले, तरी दक्षिणेतल्या बसबारला (सबस्टेशनमधल्या, सगळ्या लाइन जिथे जुळतात त्या वाहकाला) त्यांचा उपयोग फारसा नाही. ‘एकूण क्षमता पुरेशी होती’ हे वाक्य व्होल्टेजच्या बाबतीत म्हणूनच फसवं ठरतं.

आधीच्या काही दिवसांतही व्होल्टेज अस्थिर होतं. २८ ला सकाळी नऊनंतर चढ-उतार वाढले. साडेदहानंतर काही ठिकाणी ते ४३५ केव्हीच्या जवळ जाऊन येत होतं.

हा ४३५ चा आकडा महत्त्वाचा आहे. स्पेनमध्ये ४०० केव्ही जाळ्याची वरची मर्यादा ४३५ आहे. उरलेल्या बहुतेक युरोपात ती ४२० आहे आणि आपल्याकडच्या ग्रिड कोडमध्येही ४२०. प्रकल्पांचे अतिव्होल्टेज रिले साधारण १.१ पटीला, म्हणजे ४४० ला लागतात. म्हणजे ‘सर्व काही मर्यादेत आहे’ असं नियंत्रण कक्ष म्हणत असताना आणि रिले उडण्याची वेळ आलेली असताना, या दोन्हींत फक्त ५ केव्हीचं अंतर होतं. ४२० ची मर्यादा असती तर तेच अंतर २० केव्ही झालं असतं. कागदावरची ही एक ओळ मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते.

औषधाने ताप चढला

दुपारी १२ वाजून ३ मिनिटांनी ग्रिडमध्ये हेलकावे सुरू झाले. हेलकाव्यांची वारंवारता ०.६ हर्ट्झच्या आसपास होती, आणि ते मुख्यतः स्पेन-पोर्तुगालपुरते होते. सरकारी अहवालाने त्यांचा उगम बादाखोस प्रांतातल्या एका सौर प्रकल्पाशी जोडला. ते साधारण पाच मिनिटं चालले. १२ वाजून १९ मिनिटांनी दुसरे हेलकावे आले. ते ०.२ हर्ट्झचे, ओळखीचे होते : संपूर्ण युरोपीय ग्रिडची पूर्व आणि पश्चिम टोकं एकमेकांविरुद्ध झुलतात तो प्रकार. आयबेरियाचं द्वीपकल्प पिरिनीजवरून जाणाऱ्या मोजक्या लाइनींनी युरोपला जोडलेलं असल्यामुळे तिथे हा हेलकावा नेहमीच जास्त जाणवतो.

अशा वेळी काय करायचं ते नियंत्रण कक्षाला पाठ असतं. फ्रान्सकडची निर्यात कमी करायची. बंद ठेवलेल्या लाइन जोडून जाळं घट्ट करायचं. फ्रान्सशी असलेली डीसी लिंक ठरावीक पॉवरवर लावायची, म्हणजे ती झुलण्यात भाग घेणार नाही. हे तिन्ही केलं गेलं आणि हेलकावे शमले.

पण या उपायांकडे व्होल्टेजच्या बाजूने पाहा. निर्यात कमी केली म्हणजे लांब लाइनींवरचा भार कमी झाला आणि त्यांचं रिॲक्टिव्ह खाणं घटलं. नव्या लाइन जोडल्या, म्हणजे जाळ्यावर नवे कपॅसिटर लागले. हेलकाव्यांवरचा बरोबर उपाय व्होल्टेजला वर ढकलत होता. ऑपरेटरांना इथे दोष देणं सोपं आहे, पण अन्याय्य होईल. पंधरा मिनिटांपूर्वी समोर जो धोका होता त्याला त्यांनी नियमातलंच उत्तर दिलं. दुसरा धोका सांभाळायला त्यांच्याकडे चटकन वापरता येईल असं साधन उरलं नव्हतं. एखादा वायू प्रकल्प चालू करायला सांगायचा तर त्याला तास लागतात.

१२ वाजून ३० मिनिटांनी आकडे वाईट दिसत नव्हते. हेलकावे थांबले होते आणि बहुतेक ठिकाणी व्होल्टेज ३९० ते ४२० केव्हीच्या दरम्यान होतं.

शेवटचं दीड मिनिट

१२:३२ ला व्होल्टेज वर सरकायला लागलं. याच मिनिटात मोठ्या नवीकरणीय प्रकल्पांचं उत्पादन घटलं आणि वितरण जाळ्यातले छोटे पवन व सौर प्रकल्प गळायला लागले. अहवालात त्यातले २०८ मेगावॉट नोंदले आहेत. याशिवाय वितरणाचा निव्वळ भार ३०० मेगावॉटच्या वर वाढलेला दिसला. तो खऱ्या वाढत्या वापराचा नसावा. एक मेगावॉटखालचे, मुख्यतः छतांवरचे सौर संच बंद पडल्याचा तो परिणाम असण्याची शक्यता अहवाल वर्तवतो. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर हे संच वेगळे दिसत नाहीत.

१२ वाजून ३२ मिनिटं ५७ सेकंदांनी ग्रानादा भागात एक ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला. त्याच्यामागे ३५५ मेगावॉट सौर, पवन आणि सौरऔष्णिक निर्मिती होती आणि ती १६० मेगाव्हारहून थोडी जास्त रिॲक्टिव्ह पॉवर शोषत होती. हा ट्रान्सफॉर्मर ग्रिड कंपनीचा नव्हता. अनेक प्रकल्पांची वीज २२० केव्हीवर गोळा करून ती ४०० वर चढवणारा तो खासगी ट्रान्सफॉर्मर होता.

या एका ट्रिपकडे जवळून पाहू. अतिव्होल्टेजचा रिले लागला तो २२० केव्हीच्या बाजूला. ४०० केव्हीच्या बाजूचं व्होल्टेज त्या वेळी ४३५ च्या आतच होतं. दोन्ही बाजूंचं गुणोत्तर टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचे वेढे पायरीपायरीने कमी-जास्त करणारा भाग) ठरवतो. टॅप ज्या जागी होता, तिथे प्रकल्पाच्या बाजूला प्रमाणापेक्षा जास्त व्होल्टेज येत होतं. ग्रिडच्या बाजूला मर्यादा पाळली जात असताना प्रकल्पाची बाजू रिलेच्या तोंडाशी उभी होती. भर म्हणजे टॅप हलायला एकेका पायरीला काही सेकंद लागतात, आणि त्याला मुद्दाम विलंबही दिलेला असतो. व्होल्टेज सेकंदाला काही केव्ही चढत असेल तर टॅप मागेच राहतो. सबस्टेशनवर काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. तरी अशा गोळा करणाऱ्या सबस्टेशनचं टॅप सेटिंग आणि रिले सेटिंग ग्रिडच्या मर्यादेशी ताडून पाहण्याची जबाबदारी बहुतेक वेळा कोणा एकाची नसते.

ट्रिप झाल्याबरोबर १६० हून जास्त मेगाव्हारचं शोषण गेलं आणि व्होल्टेज आणखी चढलं. १९ सेकंदांनी, १२:३३:१६ ला बादाखोस भागात सुमारे ७२५ मेगावॉट गेले. पुढच्या सेकंदभरात तिथलेच आणखी प्रकल्प, आणि मग सेगोविया, उएल्वा, सेविया, कासेरेस. १२:३३:१८ पर्यंत २,५०० मेगावॉटहून जास्त निर्मिती गेलेली होती. प्रत्येक ट्रिपने शोषण कमी केलं, लाइन हलक्या केल्या आणि पुढच्या रिलेला जवळ आणलं.

वारंवारतेची घसरण सुरू झाली ती इथून पुढे. इनर्शियाचा वाद इथेच मिटायला हवा. त्या वेळी स्पेनच्या यंत्रणेत इनर्शिया २.३ सेकंद होती आणि एन्टसो-ईची शिफारस २ सेकंदांची आहे. इनर्शिया दुप्पट असती तरी हर्ट्झ थोडे सावकाश पडले असते, पण चढतं व्होल्टेज काही त्याने खाली आलं नसतं.

यानंतर जे झालं ते मला या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवून गेलं. वारंवारता घसरल्यावर संरक्षण योजना आपोआप कामाला लागली. आधी पंप तोडले, मग ग्राहकांचा भार टप्प्याटप्प्याने. वारंवारतेसाठी हे अगदी बरोबर आहे. पण भार तुटला की वितरणाचे ट्रान्सफॉर्मर आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या लाइन रिकाम्या होतात, रिॲक्टिव्ह पॉवरचं खाणं कमी होतं आणि व्होल्टेज आणखी वर जातं. वर गेलेलं व्होल्टेज आणखी प्रकल्प पाडतं आणि वारंवारता आणखी घसरते. आपण ज्याला शेवटची संरक्षक भिंत म्हणतो, तीच इथे ढकलणाऱ्यांत सामील झाली. योजनेत दोष नव्हता. ती ज्या संकटासाठी लिहिली होती, ते संकट हे नव्हतं. अंडर-फ्रिक्वेन्सी रिले फक्त हर्ट्झ मोजतो. शेजारच्या बसबारवर ४५० केव्ही आहेत की ३८०, हे त्याला विचारायला कोणी शिकवलेलं नसतं.

१२:३३:२० ला मोरोक्कोशी असलेली जोडणी तुटली. १२:३३:२१ ला फ्रान्सबरोबरच्या एसी लाइन सिंक्रोनिझम (दोन्ही ग्रिडची एका तालातली चाल) गेल्यामुळे उघडल्या. १२:३३:२४ पर्यंत सगळं शून्यावर आलं. चालू असलेल्या अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे सुरक्षितपणे बंद झाल्या.

परत उभं करणं

उभारणीबद्दल थोडक्यात. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून लाइन चार्ज करून स्पेनच्या कडा जिवंत केल्या गेल्या आणि आतल्या भागात जलविद्युत केंद्रांनी ब्लॅक स्टार्ट केला, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय स्वतःला चालू केलं. पोर्तुगालमध्ये कास्तेलु दु बोदे हे जलविद्युत केंद्र आणि तापादा दु ओतेइरु हे वायू केंद्र यांनी दोन बेटं (बाकीच्या ग्रिडपासून वेगळे चालणारे भाग) उभी केली. रिकामी लाइन चार्ज करताना व्होल्टेज पुन्हा वरच उडी मारतं, म्हणून लाइन जोडायची, थोडा भार द्यायचा, व्होल्टेज बसू द्यायचं आणि मग पुढची लाइन, असं सावकाश जावं लागतं. सोळा तासांत एवढं जाळं पूर्ववत होणं हे चांगलं काम होतं.

दोष कोणाचा

१७ जून २०२५ रोजी स्पेनच्या ऊर्जामंत्री सारा आगेसेन यांनी सरकारी चौकशीचे निष्कर्ष मांडले. सायबर हल्ल्याचा पुरावा सापडला नाही. व्होल्टेज नियंत्रणाची अपुरी क्षमता, हेलकावे आणि प्रकल्पांचं ट्रिप होणं ही कारणं एकत्र आली. काही प्रकल्प उडायला नको होते तेव्हा उडाले. व्होल्टेज सांभाळण्यासाठी ज्यांना वेळापत्रकात घेतलं होतं आणि त्याचे पैसेही दिले जात होते, अशा काही पारंपरिक प्रकल्पांनी पुरेशी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही. काहींनी तर उलट निर्माण केली.

वीज कंपन्यांनी हे मान्य केलं नाही. आम्ही नियमांप्रमाणे चाललो, मुळात प्रकल्पच कमी घेतले होते, असं त्यांचं म्हणणं. रेड एलेक्ट्रिका म्हणते, प्रकल्पांनी आपलं काम केलं असतं तर घेतलेले पुरेसे होते. हा वाद नुकसानभरपाईसाठी महत्त्वाचा आहे. अभियंत्याच्या दृष्टीने तो दुय्यम वाटतो. कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं मानलं, तरी साठ टक्के निर्मिती करणारे इन्व्हर्टर त्या दीड मिनिटात व्होल्टेज पाहतच नव्हते, ही गोष्ट तशीच राहते. दहाच्या जागी अकरा वायू प्रकल्प असते तर कदाचित तो दिवस निघून गेला असता. पण भाव शून्याला गेलेल्या दिवशी वायू जाळून व्होल्टेज सांभाळायचं, ही रचनाच टिकणारी नव्हती.

पुढे काय केलं

ब्लॅकआउटनंतर लगेच रेड एलेक्ट्रिकाने जास्त वायू प्रकल्प चालू ठेवायला सुरुवात केली. तिथे त्याला ‘प्रबलित संचालन’ म्हणतात. याने जोखीम कमी झाली, पण त्याचा खर्च ग्राहकांच्या बिलात गेला आणि काही वेळा सौरउत्पादन आवरावं लागलं. हा तात्पुरता उपाय आहे.

खरा बदल जून २०२५ मध्ये झाला. स्पेनच्या बाजार व स्पर्धा नियामकाने नवी कार्यपद्धती ७.४ मंजूर केली. तिच्यामुळे नवीकरणीय प्रकल्पांना व्होल्टेजचा सेटपॉइंट (गाठायचा आकडा) घेऊन नियंत्रणात भाग घेता येईल आणि त्याचा मोबदलाही मिळेल. वर्षानुवर्षं रखडलेला मसुदा ब्लॅकआउटनंतर दोन महिन्यांच्या आत मंजूर झाला, यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही. सिंक्रोनस कंडेन्सर बसवण्याचं नियोजनही मुख्य भूमीसाठी पुढे सरकलं. कंडेन्सर महाग असतो, पण त्याला बाजारभावाशी देणंघेणं नसतं. तो फिरत राहतो, व्होल्टेज धरतो आणि वर इनर्शियाही देतो.

आपल्याकडे या बाबतीत नियम आधीपासून बरे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणी मानकांनुसार सौर आणि पवन प्रकल्पांनी ०.९५ लॅग ते ०.९५ लीड या पट्ट्यात रिॲक्टिव्ह पॉवर गतिमान पद्धतीने द्यायला वा घ्यायला हवी. ४०० केव्हीची वरची मर्यादा ४२० आहे. पण क्षमता असणं आणि प्लांट कंट्रोलर प्रत्यक्षात कोणत्या मोडवर ठेवलेला असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सौर पट्ट्यातल्या पूलिंग (अनेक प्रकल्पांची वीज गोळा करणाऱ्या) सबस्टेशनवर काम करणाऱ्याने चार गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं : कंट्रोलर व्होल्टेज मोडवर आहे की पॉवर फॅक्टर मोडवर, त्याचा ड्रूप (व्होल्टेज किती बदललं की किती रिॲक्टिव्ह पॉवर द्यायची, ते प्रमाण) किती ठेवलाय, टॅप कुठल्या जागी अडकलाय, आणि अतिव्होल्टेज रिलेचा विलंब ग्रिडच्या गरजेशी जुळतो का. ही तपासणी एका पाळीत होते. रिलेबद्दल एक भर घालतो. बसवणारा कंत्राटदार आपली उपकरणं वाचवायला सेटिंग शक्य तितकं आत आणतो. त्याच्या जागेवरून ते बरोबरच असतं, म्हणून ते कमिशनिंगनंतर (प्रकल्प पहिल्यांदा कार्यान्वित झाल्यावर) ग्रिडच्या बाजूने कोणीतरी पुन्हा पाहावं लागतं.

स्पेनमध्ये नवा नियम मंजूर झाला, तरी त्याची अंमलबजावणी एका दिवसात होत नाही. प्रत्येक प्रकल्पाची चाचणी, दळणवळण, मान्यता यांत महिने जातात. तोवर जाळं जुन्याच पद्धतीने चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेड एलेक्ट्रिकाने नियामकाला पुन्हा कळवलं की व्होल्टेजमध्ये झपाट्याने चढ-उतार दिसत आहेत, आणि काही कार्यपद्धतींमध्ये तातडीचे, तात्पुरते बदल मागितले. त्यातली एक मागणी उत्पादन अचानक कमी-जास्त करण्यावर बंधन घालण्याची होती : जो प्रकल्प व्होल्टेज नियंत्रणात भाग घेत नाही, त्याने बाजाराच्या वेळापत्रकानुसार बदल करताना तो हळूहळू करावा.